पाहुण्या आवाजासाठी घर किती सरकतं? दोन जॅझ रेकॉर्ड आणि एक प्रश्न

भंडारा जिल्ह्यात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आठवते दिवाळीनंतरची मंडई. दिवसा बाजार, रात्री दंडार किंवा खडी गंमत, आणि वर्गणी बरी जमली असेल तर सिनेगीतांचा ऑर्केस्ट्रा. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक आणि बाहेरगावाहून बोलावलेली गायिका. पोस्टरवर तिचा फोटो सगळ्यांत मोठा असतो. वादकांची नावं बहुतेक वेळा नसतातच.

आज ज्या ऑर्केस्ट्राबद्दल लिहायचं आहे तो वेगळा आहे, पण प्रश्न याच पोस्टरवरचा आहे. पाहुणा आवाज आला की बाकीच्यांचं काय होतं? ते त्याच्यासाठी सरकतात, की त्यालाच कोपऱ्यात बसवतात?

हा प्रश्न संशोधनाचा आहे, नुसत्या रसग्रहणाचा नाही. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींच्या कच्च्या मसुद्यात तीन शब्द हमखास असतात: संगम, मिलाफ, फ्यूजन. ‘प्रस्तुत संशोधनात दोन परंपरांच्या मिलाफाचा अभ्यास केला जाईल.’ वाक्य गुळगुळीत आहे, पण त्यात एक घोटाळा आहे. जे तपासायचं तेच तुम्ही शीर्षकात मान्य करून टाकलंत. मिलाफ झाला की नाही, कोणाच्या अटींवर झाला, कोणी काय सोडलं, हे शोधायला जागाच उरली नाही. म्हणून दोन रेकॉर्ड घेऊ. एक अमेरिकेतली, १९५८ ची. दुसरी मुंबईतली, १९६८ ची. दोन्हींना एकच प्रश्न विचारू: पाहुण्यासाठी यजमानाने स्वतःचं काय बदललं?

आधी दोन शब्द समजून घेऊ. जॅझ ऑर्केस्ट्रा म्हणजे साधारण पंधरा-सोळा वादकांचा ताफा: सॅक्सोफोनवाल्यांचा एक गट, ट्रम्पेटचा एक, ट्रॉम्बोनचा एक, आणि खाली पियानो, बास, ड्रम. काही भाग आधीच लिहिलेला असतो, काही जागा एकेकट्या वादकाला आयत्या वेळी सुचेल तसं वाजवायला सोडलेल्या असतात. दुसरा शब्द ‘स्वीट’. मिठाईशी संबंध नाही. अनेक भागांची, पण एका धाग्यात ओवलेली लांब रचना म्हणजे स्वीट. गीतरामायणातली छप्पन गाणी सुटी सुटीही गाता येतात, पण क्रमाने ऐकली की कथा उभी राहते. स्वीटमध्ये हे कथेचं काम सुरांनी करायचं असतं. एका भागात ऐकलेली धून पुढच्या भागात वेगळ्या रूपात परत येते आणि ऐकणाऱ्याला धागा सापडतो.

१९५८: नाव तिन्ही रंगांचं, रेकॉर्ड एकाच रंगाची

ड्यूक एलिंग्टनने ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ ही रचना २३ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवली. जवळपास पाऊण तासाची रचना, आणि विषय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास. ‘ब्लॅक’मध्ये गुलामी, कष्ट आणि श्रद्धा. ‘ब्राउन’मध्ये युद्धात दिलेलं योगदान, मुक्तीचा उत्सव आणि त्यानंतरची ब्लूजमधली निराशा. ‘बेज’मध्ये त्या काळचं हार्लेम, म्हणजे शहरात येऊन वसलेला समाज.

समीक्षकांनी रचनेला दोन्हीकडून झोडपलं. अभिजात संगीतवाल्यांना ती बांधणीत सैल वाटली, आणि जॅझच्या चाहत्यांपैकी काहींना एलिंग्टन जॅझच सोडून चालला असं वाटलं. त्यानंतर तो ही रचना बहुतेक तुकड्यांनीच वाजवत राहिला. १९४४ मध्ये रेकॉर्ड केली तीही निवडक भागांची. १९४३ च्या त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण बाजारात आलं १९७७ मध्ये, एलिंग्टन गेल्यानंतर तीन वर्षांनी.

मधल्या काळात, फेब्रुवारी १९५८ मध्ये, त्याने कोलंबिया कंपनीसाठी याच नावाची एलपी रेकॉर्ड केली आणि पाहुणी म्हणून बोलावलं महालिया जॅक्सनला. ती गॉस्पेलची, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची, त्या काळातली सगळ्यांत मोठी गायिका. नाइटक्लबमध्ये गायला तिने कायम नकार दिला. अशी बाई जॅझ ऑर्केस्ट्रासोबत उभी राहते, हीच मोठी गोष्ट होती.

आता प्रश्न लावू. यजमानाने काय बदललं?

पहिलं, रचनाच कापली. कव्हरवर तिन्ही रंग आहेत, पण आत सहापैकी पाच भाग फक्त ‘ब्लॅक’वर उभे आहेत. ‘ब्राउन’ नाही, ‘बेज’ नाही. दुसरं, मधली धून बदलली. ‘कम संडे’ ही ‘ब्लॅक’मधली प्रार्थनेची धून. १९४३ मध्ये ती शब्दांशिवाय होती आणि जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन तिचा खरा आवाज होता. १९५८ मध्ये तिला शब्द मिळाले आणि ती महालियाने गायली. हॉजेस या रेकॉर्डवर नाहीच. तिसरं, शेवट बदलला. रेकॉर्ड संपते बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राने, म्हणजे थेट पाहुणीच्या अंगणात.

चौथी गोष्ट कानाने ऐकायची. पहिल्या भागातला ऑर्केस्ट्रा श्रमगीताच्या धुनेवर अंग मोकळं करून वाजतो. तिसऱ्या भागात श्रमाची धून आणि प्रार्थनेची धून एकमेकींत विणली जातात. स्वीटचा धागा म्हणतात तो हाच. चौथ्या भागात महालिया येते आणि हाच ताफा मंद स्वर धरून तिच्याखाली पसरतो. तिच्या श्वासाला जागा सोडतो. ती एखादा शब्द लांबवते तेव्हा वादक तिला ताल दाखवत नाहीत, वाट बघतात. पाचव्या भागात रे नान्सचं व्हायोलिन तीच धून पुन्हा घेतं, आणि आता ती धून आपल्याला शब्दांसकट ऐकू येते, कारण आवाज कानात राहिलेला असतो.

माझं मत सांगते. ऐकण्याचा अनुभव म्हणून ही रेकॉर्ड फार मोठी आहे. पाहुणीसाठी यजमान खरोखर सरकला, आणि त्यामुळे दोघांच्याही एकट्याच्या कामात नसलेलं काही तरी इथे घडलं. पण १९४३ च्या रचनेची नोंद म्हणून ही रेकॉर्ड फसवी आहे. ‘ब्राउन’ आणि ‘बेज’ गेल्यावर कथेचा अर्थच बदलतो. मूळ रचनेत इतिहास गुलामीतून निघून युद्ध, मुक्ती, भ्रमनिरास असं करत शहरापर्यंत पोचतो. इथे तो कष्टातून प्रार्थनेपर्यंत येतो आणि थांबतो. चालत राहिलेला समाज गुडघे टेकलेला दिसायला लागतो.

इथे घाई करू नका, कारण उलट बाजूही पुराव्यानिशी मांडता येते. महालियाची प्रार्थना म्हणजे नुसतं सांत्वन नव्हतं. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराच्या पाठिंब्यासाठी तिने १९५६ मध्ये तिथे जाऊन गायलं होतं. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग बोलण्याआधी ती गायली. त्या माणसांच्या लढ्यात प्रार्थना हेच एक हत्यार होतं. आपल्याकडे वारकरी अभंगांबद्दल हीच चर्चा होते: दिलासा की विद्रोह? अशा वेळी चांगला संशोधक एक बाजू उचलून पळत नाही. तो म्हणतो: रचनेच्या आतला पुरावा हे सांगतो, गायिकेच्या आयुष्यातला पुरावा ते सांगतो, आणि दोन्ही पुरावे वेगळ्या जातीचे आहेत.

पहिला धडा इतकाच: रेकॉर्ड म्हणजे रचना नव्हे. ती रचनेची एका वेळची, एका पाहुण्यासोबतची आवृत्ती आहे. कव्हरवरच्या नावावर विसंबून प्रकरण लिहू नका.

तिथून मुंबईत

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. एलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा १९६३ मध्ये अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर भारतात आला आणि मुंबईतही वाजला. महालिया जॅक्सन १९७१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, भारतात गाऊन गेली. आणि जॅझ तर मुंबईत त्याआधीच मुरला होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर ही कला प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी धरून ठेवली. पोर्तुगीज गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये त्यांना लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवता येई. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक, फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसूझा ही त्यातली काही नावं. यातले कित्येक जण रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि दिवसा फिल्मी स्टुडिओत. दारूबंदीनंतर हॉटेलांचा धंदा बसला आणि स्टुडिओचं काम हाच अनेकांचा आधार झाला.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा. आपली दुसरी रेकॉर्ड याच स्टुडिओतल्या माणसांची आहे.

१९६८: गायकाच्या खुर्चीवर सतार

शंकर-जयकिशन हे त्या काळातले हिंदी सिनेमाचे आघाडीचे संगीतकार. लता, रफी, मुकेश, मन्ना डे त्यांच्या हाताशी. १९६८ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी ‘राग जॅझ स्टाइल’ नावाची एलपी केली. अकरा तुकडे, प्रत्येक तुकडा एका रागाचा. आणि गायक एकही नाही! मधोमध आहे उस्ताद रईस खाँ यांची सतार.

भोवतीची नावं वाचा, कारण ती वाचणं हेसुद्धा संशोधन आहे. मनोहारी सिंग सॅक्सोफोनवर, जॉन परेरा ट्रम्पेटवर, ल्यूसिला पाशेको पियानोवर, दिलीप नाईक आणि अनिबल कास्त्रो गिटारवर, एडी त्रावास बासवर, लेस्ली गुदिन्हो ड्रमवर, रमाकांत म्हापसेकर तबल्यावर, सुमन राज बासरीवर. गोव्याचे, कोकणाकडचे, कलकत्त्याचे. म्हणजे मुंबईच्या फिल्मी वाद्यमेळाचं एक छोटं रूपच.

‘यात पाहुणा गायक कुठे आहे?’ असं विचाराल. रईस खाँ यांचं वादन गायकी अंगाचं म्हणून ओळखलं जाई. म्हणजे सतारीने गळ्यासारखं गायचं, तार ओढून मींड काढायची, स्वर तुटू द्यायचा नाही. शंकर-जयकिशनने गायकाची खुर्ची रिकामी ठेवली आणि तिच्यावर गाणारी सतार बसवली. म्हणून ही रेकॉर्ड आपल्या प्रश्नासाठी उपयोगी आहे: शब्द नाहीत, पण पाहुणा आवाज आहे.

आता तोच प्रश्न. यजमानाने काय बदललं?

आधी रचना बघू. ही स्वीट आहे का? यादी अशी: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी, भैरवी. सकाळच्या तोडी-भैरवनंतर लगेच मध्यरात्रीचा मालकंस येतो, म्हणजे प्रहराचा क्रम नाही. एका तुकड्यातली धून दुसऱ्यात परत येत नाही, म्हणजे एलिंग्टनसारखा धागाही नाही. शेवटी भैरवी आहे, ती मैफलीची आठवण म्हणून. बाकी हा संग्रह आहे, स्वीट नाही. तुलना करायची असेल तर लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचा जो हॅरियट यांनी दोनच वर्षं आधी आणलेली ‘इंडो-जॅझ स्वीट’ बघा. तिथे निदान नावात तरी एका लांब रचनेची हिंमत आहे.

मग लांबी. एका एलपीत अकरा तुकडे, म्हणजे सरासरी चार मिनिटांच्या आसपास. चार मिनिटांत राग उलगडत नाही, आलापाची फक्त चाहूल लागते. आणि जॅझमधल्या एकल वादनालाही चार मिनिटं पुरत नाहीत, कारण तिथेही वादकाला आधी धून मांडायची, मग मोडायची, मग पुन्हा जुळवायची असते. राग आणि जॅझ, दोघांचीही गरज एकच होती: वेळ. तीच मिळाली नाही.

मग हा चार मिनिटांचा साचा कोणाचा? फिल्मी गाण्याचा. सुरुवातीचा वाद्यखंड, मुखडा, मधला वाद्यखंड, अंतरा, परत मुखडा. ‘राग जॅझ स्टाइल’ ऐकताना हा साचा मनात धरा. सतार बोलते, मग सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट मधली जागा भरतात, मग परत सतार. या घरात राग हा यजमान नाही आणि जॅझही नाही. यजमान आहे स्टुडिओ. रईस खाँ आणि लेस्ली गुदिन्हो दोघेही इथे पाहुणे आहेत, आणि दोघांनीही घरमालकाच्या घड्याळाप्रमाणे वागायचं आहे. माझ्या वाचनातला मुख्य मुद्दा हाच. ‘पूर्व आणि पश्चिम यांचा संगम’ असं लिहिलंत की हा तिसरा, खरा मालक दिसतच नाही.

कोणता राग घरात मावला?

पण नुसता निकाल देऊन थांबू नये. एकाच रेकॉर्डमध्ये कुठे जमलं आणि कुठे नाही, हे सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी कारण पाहिजे. हार्मोनियम जवळ असेल तर घ्या.

कलावतीचे स्वर: सा, ग, प, ध आणि कोमल नी. यातले सा, ग, प आणि कोमल नी एकत्र दाबा. जे ऐकू येतं तो ब्लूजमधला अगदी रोजचा कॉर्ड आहे, ज्याला वादक ‘सेव्हन्थ’ म्हणतात. म्हणजे कलावती राग जॅझवाल्याच्या घरी आधीपासूनच राहतो! शिवरंजनीचंही तसंच: सा, रे, कोमल ग, प, ध. हे सगळे स्वर एका मायनर कॉर्डच्या अंगाखांद्यावर बसतात. अशा रागांत पियानो आणि गिटार सतारीला धक्का न लावता साथ करू शकतात, आणि सॅक्सोफोन मोकळा होतो. रेकॉर्डचे हे तुकडे मला सर्वांत सहज वाटतात. कारण रागाने ओढाताण न करता दोघांना जागा दिली.

आता तोडी. कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध. शिवाय तोडीतला गंधार नुसता कोमल नाही, तो नेहमीच्या कोमलपेक्षाही खाली उतरलेला असतो. सतारीला तार ओढून तो नेमका लावता येतो. पियानोची पट्टी मात्र ठोकलेली आहे, तिला एकच कोमल गंधार माहीत. पियानोने सा-ग-प असा मायनर कॉर्ड धरला की दोन प्रकारचे गंधार एकाच वेळी वाजतात, आणि ज्या पंचमाला तोडीत जपून वापरतात तो सतत मागे घुमत राहतो. मियाँ मल्हारचं दुखणं याच जातीचं: आंदोलित गंधार आणि दोन्ही निषाद. तो डोलणारा गंधार म्हणजेच मल्हारचा पाऊस. कॉर्डने तो एका जागी दाबून धरला की ढग तसेच राहतात, पाऊस पडत नाही.

इथे यजमानाला सरकायची संधी होती. पियानो थांबवायचा, गिटार थांबवायची, फक्त बासचा षड्ज ठेवायचा आणि सॅक्सोफोनला सतारीशी बोलू द्यायचं. कारण सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट ही फुंकीची वाद्यं आहेत, त्यांना स्वर वाकवता येतो, मींड जवळपास घेता येते. मनोहारी सिंग यांच्यासारखा वादक हे करू शकत होताच. एलिंग्टनच्या ताफ्याने महालियासाठी जे केलं तेच: गप्प बसून जागा देणं. ‘राग जॅझ स्टाइल’मध्ये असे क्षण येतात, पण बहुतेक तुकड्यांच्या सुरुवातीला, प्रवेशद्वारापाशी. पाहुण्याचं दारात स्वागत होतं, आत गेल्यावर बसायची जागा आधीच ठरलेली असते.

मग ही रेकॉर्ड फसलेली का? नाही. तिची चाल, तिची सफाई, वादकांचा एकमेकांवरचा विश्वास हे सगळं आजही ताजं वाटतं. शिवाय एरवी पडद्यामागे राहणारी माणसं इथे गायकाच्या सावलीशिवाय ऐकू येतात. तिला ‘फ्यूजनचा मैलाचा दगड’ म्हणण्यापेक्षा ‘गायक काढून घेतलेलं मुंबईचं फिल्मी संगीत’ म्हणून ऐका. मग ती फार मोठी दिसते. याच शंकर-जयकिशनने १९५६ च्या ‘बसंत बहार’साठी पंडित भीमसेन जोशींना पाहुणा गायक म्हणून बोलावलं होतं. मन्ना डे यांच्यासोबत जुगलबंदी झाली, आणि कथेच्या गरजेनुसार भीमसेनजींच्या आवाजाला हरावं लागलं. घर सिनेमाचं असलं की निकालही सिनेमाच ठरवतो!

आई पाहुणी आली तेव्हा

स्टुडिओच्या बाहेर काय होतं, याचं एक उदाहरण थोडक्यात. १९८८ मध्ये त्रिलोक गुर्टू यांनी ‘उस्फ्रेट’ नावाचा अल्बम काढला. ते मुंबईचे तालवादक, युरोपात जॅझमध्ये नाव कमावलेले. सोबत डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर असे मोठे वादक. आणि पाहुणी गायिका? त्यांची आई, बेळगावात जन्मलेल्या ठुमरीच्या थोर गायिका शोभा गुर्टू. एका तुकड्याचं नावच ‘शोभारॉक’. ऑर्केस्ट्रा इथे नाही, छोटा ताफा आहे, पण आपला प्रश्न तोच. फरक असा की यजमान स्वतः ठुमरी ऐकत वाढला आहे. ठुमरीत गायिका एकच ओळ पुन्हा पुन्हा वेगळी रंगवते, हे त्याला पाहुणीकडून शिकायचं नाही, ते त्याच्या हातातच आहे. ‘राग जॅझ स्टाइल’शी याची तुलना म्हणजे एखाद्याच्या एम.ए.च्या लघुप्रबंधाचा ऐवज आहे. करा कोणी तरी.

विषय शोधणाऱ्यांसाठी आणखी एक धागा. एलिंग्टन महालियाला घेऊन रेकॉर्ड करत होता त्याच १९५८ साली मुंबईत अँथनी गोन्साल्विस यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. रागांवर आधारलेल्या त्यांच्या रचना, गोव्याचे आणि फिल्मी वादक, आणि पाहुणे गायक म्हणून लता मंगेशकर आणि मन्ना डे! ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात नाव आलं ते याच माणसाचं. प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला केलेला तो नमस्कार होता. गाणं सगळ्यांना पाठ, त्या माणसाचं संगीत किती जणांनी ऐकलंय? संशोधनातली गॅप अशी असते.

हे तुमच्या कामात कसं आणायचं

एक कोरा कागद घ्या, चार रकाने आखा. पहिल्यात वेळ, मिनिट-सेकंद. दुसऱ्यात धून कोणाकडे आहे. तिसऱ्यात बाकीचे काय करतायत. चौथ्यात आधीपेक्षा काय बदललं. एक तुकडा तीनदा ऐका आणि रकाने भरा. पहिल्यांदा फक्त पाहुण्याकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त साथीकडे, तिसऱ्यांदा शांततेकडे, म्हणजे कोण कधी थांबतं तिकडे. तिसरी फेरी टाळू नका. सरकणं ऐकू येतं ते थांबण्यातून.

कागद भरला की ‘संगम झाला’ असं लिहायची इच्छाच होत नाही. त्याऐवजी वाक्य येतं: ‘सतार सुरू असताना पियानो अमुक सेकंद थांबतो आणि नंतर पुन्हा कधीच थांबत नाही.’ हे वाक्य कोणी तपासू शकतं, खोडू शकतं. आरएसीपुढे उभं राहिल्यावर तुमच्या बाजूने बोलतं ते असंच वाक्य, विशेषणं नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या जिल्ह्याचा. तुमच्यापैकी काही जण दंडार, खडी गंमत, भीमगीतं, लग्नातली बँड पार्टी यांवर काम करणार आहात. चांगलंच आहे. पण तिथे पाहुणे तुम्ही असाल, मोबाईल आणि माईक घेऊन गेलेले. तुम्ही रेकॉर्डिंग सुरू केलं की शाहीर रात्रभराचा खेळ वीस मिनिटांत बसवतो का? झाडीबोलीतला एखादा शब्द ‘शुद्ध’ करून म्हणतो का? नाच्या एरवी करतो ती चावट कोटी तुमच्यासमोर गाळतो का? एलिंग्टनने पाहुणीसाठी स्वतःच्या रचनेचे दोन भाग सोडले, आणि ते सोडलेले भाग कोणते हे आपल्याला कळू शकलं, कारण १९४३ ची मैफल कोणी तरी टिपून ठेवली होती. मंडईतल्या शाहिराने तुमच्यासाठी काय सोडलं हे कळायचं असेल, तर तुमच्या रेकॉर्डिंगशेजारी तुम्ही नसतानाच्या खेळाचीही काही तरी नोंद हवी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ढोलकीवाल्याला वेगळं बसवून विचारा, दुसऱ्या गावच्या मंडईत काही न सांगता मागच्या रांगेत बसा. त्यासाठी सिनॉप्सिसमध्ये एक महिना वेगळा धरा. गाईड विचारतील हा महिना कशाला, तेव्हा सांगा: आमच्यासाठी घर किती सरकलं ते मोजायला.